हिवाळा, बर्फ आणि बेसमेंटमधलं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर संपत आला की आमच्या इथल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटात फराळाचे फोटो आणि बेसमेंटचे प्रश्न एकदमच सुरू होतात. मी प्लंबर नाही. कॅनडात टोरोंटोजवळच्या मिसिसॉगातल्या एका जुन्या घरात चौदा हिवाळे काढलेत आणि दोनदा गुडघे मोडून ओला गालिचा उपसलाय, एवढीच माझी पात्रता. खालचे प्रश्न गटात पुन्हा पुन्हा आलेले आहेत. नियम आणि आकडे मुख्यतः ऑन्टॅरिओ या आमच्या प्रांताच्या दक्षिण भागाचे आहेत. अमेरिकेत जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय. आत्ता या क्षणी पाणी येत असेल तर थेट प्रश्न १८ वर जा. बॅगा भरून भारतात निघाला असाल तर प्रश्न ८.

१. इथे घराखाली बेसमेंट का खणतात? आपल्याकडे राहतं घर कुणी जमिनीखाली नेत नाही.

थंडीत जमीन वरून खाली गोठत जाते, आणि गोठलेली ओली माती फुगून पाया वर उचलते. म्हणून पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो, दक्षिण ऑन्टॅरिओत साधारण १.२ मीटर. एवढं खणायचंच तर आणखी थोडं खणून एक मजला मिळवायचा, असा हा हिशोब. टेक्सास, फ्लोरिडात जमीन एवढी गोठत नाही, तिथे बेसमेंट क्वचितच दिसतं. गोम अशी की फर्नेस (घर तापवणारी भट्टी), पाणी तापवायची टाकी, विजेचा पॅनल, वॉशिंग मशीन सगळं या सर्वांत खालच्या जागेत असतं. म्हणजे घरातल्या महाग वस्तू पाण्याच्या वाटेतच मांडून ठेवलेल्या.

२. बाहेर सगळं दगडासारखं गोठलेलं असताना पाणी येतं तरी कुठून?

चार वाटा आहेत. घरातला पाइप फुटतो. वितळलेलं पाणी भिंतीच्या भेगेतून किंवा खिडकीतून शिरतं. संप पंप (पायाशी झिरपलेलं पाणी बाहेर फेकणारा, प्रश्न १०) थांबतो आणि खालून पाणी चढतं. किंवा रस्त्याखालचं गटार तुंबून उलटं घरात येतं. पहिली वाट कडक थंडीची. बाकीच्या तिन्ही बहुतेक वेळा थंडी *ओसरताना* उघडतात.

जानेवारीच्या मध्यात दोन दिवस पारा ६-७ अंशांवर जातो, वर पाऊस पडतो, आणि सगळे खूश होऊन फिरायला बाहेर पडतात. तेव्हाच बेसमेंटमध्ये जाऊन बघायचं. छत १०० चौरस मीटर धरा, त्यावर ३० सेंटिमीटर ताजा बर्फ. भुसभुशीत बर्फाचं पाणी ढोबळ मानानं दहाव्या हिश्श्याइतकं होतं, म्हणजे ३ सेंटिमीटर. ते झालं ३,००० लिटर: गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन काळ्या टाक्या, तुमच्या घराच्या भोवती ओतलेल्या. खालची जमीन अजून गोठलेलीच असते, ती थेंबभरही पीत नाही. पाणी मग सोपी वाट शोधतं, आणि घराला लागून भरताना घातलेली माती बहुधा खचून घराकडेच उतरलेली असते.

नदीजवळ राहणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. ब्रॅम्प्टनच्या चर्चव्हिल भागात १७ फेब्रुवारी २०२२ ला क्रेडिट नदीत बर्फाचे तुकडे अडकून बांध झाला आणि पाणी वस्तीत शिरलं. तिथे संप पंपाचं काही चालत नाही.

३. सगळ्यात आधी काय करू? एकच गोष्ट सांगा.

पाण्याचा मेन व्हॉल्व्ह शोधा. बहुतेक घरांत तो बेसमेंटमध्ये, रस्त्याकडच्या भिंतीपाशी, मीटरच्या शेजारी असतो. दांडा असेल तर तो पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, पाइपला आडवा म्हणजे बंद. जुन्या घरात गोल चाक असतं. ते बंद करायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवत न्यायचं. वर्षानुवर्षं न फिरवलेलं चाक अडकतं. पक्कड लावून जोर करू नका, तुटलं तर तुमच्या हातातच कारंजं. प्लंबरला बोलावून दांड्याचा नवा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

मी त्याला लाल रिबन बांधलीय आणि घरातल्या प्रत्येकाला एकदा स्वतःच्या हातानं फिरवायला लावलंय. भारतातून आलेल्या सासूबाईंनासुद्धा, कारण आम्ही कामावर गेल्यावर दिवसभर घरात त्याच असतात.

४. पाइप गोठला की नेमका फुटतो कशामुळे?

पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, हे शाळेत शिकलोय. पण पाइप बर्फाच्या जागीच फुटेल असं नाही. बर्फाचा बुच तयार होऊन वाढत जातो, बुच आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढतो, आणि तिथला जो दुबळा सांधा असेल तो उसवतो. म्हणून फुटलेली जागा कधी कधी उबदार खोलीतही सापडते.

आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून पाणी येतं. पाइप फुटला तर टाकी रिकामी होते आणि प्रकरण संपतं. इथे नळाला नगरपालिकेचं पाणी चोवीस तास दाबानं असतं. कुणी बंद करेपर्यंत ते वाहतच राहतं. धोक्यातले पाइप ओळखायचे कसे? बाहेरच्या भिंतीतले, गॅरेजवरच्या खोलीखालचे, किचन सिंकमागचे, आणि बेसमेंटच्या छताच्या कडेला जिथे लाकडी तुळया भिंतीवर टेकतात तिथले. हात लावून बघा. जिथे बोटांना गार झुळूक लागते तिथे फोमची नळी चढवा आणि झुळकीची फट बुजवा. नुसती नळी पाइपला गरम करत नाही, ती फक्त थंड व्हायला उशीर लावते, त्यामुळे फट बुजवणं जास्त महत्त्वाचं.

५. बॅकयार्डचा नळ फ्रॉस्ट-फ्री आहे. मग काही करायची गरज नाही ना?

आहे. माझा पहिला धडा हाच. फ्रॉस्ट-फ्री नळात पाणी अडवणारा भाग भिंतीच्या आत, उबेत असतो आणि बंद केल्यावर पुढच्या नळीतलं पाणी बाहेर ओघळून जातं. पण होज (बागेला पाणी घालायचा रबरी पाइप) तसाच लावून ठेवला तर ते ओघळत नाही, नळीत उभं राहतं आणि गोठतं.

आम्ही पहिल्या वर्षी होज काढला नाही. सगळा हिवाळा काही झालं नाही. एप्रिलच्या शेवटी टोमॅटोची रोपं लावली, पाणी घालायला नळ सोडला, तर धार बारीक. दहा मिनिटांनी लेक ओरडत वर आली. बेसमेंटमध्ये कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा सूं आवाज येत होता, आणि ड्रायवॉल (आतल्या भिंतीवरचा जिप्समचा तक्ता) पुरीसारखी फुगली होती. भिंत कापल्यावर दिसली ती तांब्याच्या नळीवरची चीर, तांदळाच्या दाण्याएवढी. जानेवारीत कधीतरी पडली असणार, पण चीर नळाच्या बंद भागाच्या पुढे होती, म्हणून नळ उघडेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही.

तेव्हा ऑक्टोबरात होज काढा. नळ साधा असेल तर आतला छोटा व्हॉल्व्ह बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवा, आणि आतल्या व्हॉल्व्हवर बारीक टोपी असेल तर ती सैल करून, खाली वाटी धरून, उरलेलं पाणी काढा. पंधरा मिनिटांचं काम.

६. सकाळी उठलो तर एका नळाला पाणीच नाही. आता?

तोच नळ उघडा ठेवा. घरातल्या एकाला मेन व्हॉल्व्हपाशी उभं करा, कारण पाइपला आधीच चीर पडली असेल तर ती बर्फ वितळल्यावरच कळते. मग केस वाळवायचा ड्रायर घेऊन नळाच्या बाजूनं सुरुवात करा आणि गोठलेल्या भागाकडे सरका. उलटं केलं तर वितळलेलं पाणी मध्येच कोंडतं. गरम पाण्यात पिळलेले टॉवेलही चालतात. ब्लो टॉर्च किंवा कुठलीही ज्योत अजिबात नको: त्यानं घरं जळालेली आहेत. साठलेल्या पाण्यात उभं राहून ड्रायरही लावू नका.

घरातले सगळेच नळ कोरडे असतील तर रस्त्याकडून येणारी मुख्य लाइन गोठलेली असू शकते. तेव्हा शहराच्या पाणी विभागाला फोन करा.

७. रात्रभर नळ थेंब थेंब चालू ठेवावा का?

फार कडक थंडीच्या रात्री, माहीत असलेल्या गोठक्या पाइपापुरता, हो. बारीक धार दाब साठू देत नाही. सिंकखालच्या कपाटाची दारंही उघडी ठेवा. पण सेप्टिक टँक असलेल्या घरात जपून, तिथे तीच बारीक धार बाहेरच्या पाइपात गोठू शकते. आणि घर रिकामं असताना हा उपाय नको, तेव्हा प्रश्न ८ प्रमाणे वागा.

८. डिसेंबर-जानेवारीत पाच आठवडे भारतात जातोय. घराचं काय करून जाऊ?

माझ्या मते आपल्या लोकांच्या बेसमेंटला सगळ्यात मोठा धोका बर्फाचा नाही, भारतवारीचा आहे. शाळेची सुट्टी, लग्नाचे मुहूर्त आणि इथला कडक हिवाळा नेमके एका वेळी येतात. पाइप फुटल्यावर माणूस घरात असेल तर एक बादली पाणी सांडतं. नसेल तर पाच आठवडे.

आधी विम्याचा कागद काढा. कॅनडातल्या बऱ्याच पॉलिसींत अशी अट असते की हीटिंगच्या मोसमात सलग ४ दिवसांपेक्षा जास्त बाहेर असाल तर एक तर पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असावेत, नाही तर कुणीतरी रोज येऊन हीटिंग चालू असल्याचं बघितलेलं असावं. तुमच्या पॉलिसीत दिवस किती आणि “रोज” की “दोन दिवसांआड”, ते एजंटला ईमेलवर विचारा. फोनवर नको, उत्तर लेखी राहू द्या.

मग निघायच्या दिवशी मेन व्हॉल्व्ह बंद करा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या, टॉयलेट एकेकदा फ्लश करा. पाणी तापवायची टाकी गॅसची असेल तर तिची खुंटी व्हेकेशनवर. फर्नेसला जोडलेला ह्युमिडिफायर बंद. थर्मोस्टॅट १३ अंशांच्या (५५ फॅरनहाइट) खाली नको. आम्ही १५ ठेवतो. गॅसचे वाचलेले पैसे एका ड्रायवॉलच्या तुकड्यातही परत येत नाहीत.

अपवाद दोन. घर रेडिएटरच्या गरम पाण्यानं तापत असेल किंवा आग विझवायचे स्प्रिंकलर असतील तर मेन व्हॉल्व्ह बंद करण्याआधी तंत्रज्ञाला विचारा. त्या यंत्रणांना पाणी लागतं.

मेन बंद केला तरी प्रश्न २ मधल्या बाकीच्या तीन वाटा उघड्याच राहतात, म्हणून किल्ली कुणाला तरी द्यायचीच. आणि त्या व्यक्तीला नीट सांगायचं: दारातून डोकावून “सगळं ठीक” असा मेसेज करायचा नाही. बूट काढून खाली उतरायचं, एक मिनिट गप्प उभं राहून कान द्यायचा, संपच्या खड्ड्यात बघायचं, थर्मोस्टॅटचा फोटो काढून पाठवायचा. ते तारखेचे फोटो उद्या विमा कंपनीसमोर पुरावा ठरतात. जमिनीवर ठेवायचे पाण्याचे सेन्सर स्वस्त मिळतात आणि मोबाइलवर कळवतात, पण वीज गेली की वायफाय जातं आणि तेही मुके होतात. शेजारी तो शेजारी. येताना त्याच्यासाठी किलोभर बाकरवडी आणा.

९. थर्मोस्टॅट २१ वर होता, तरी पाइप गोठला. असं कसं?

दोन कारणं मी पुन्हा पुन्हा ऐकलीत. पहिलं: नव्या पद्धतीच्या फर्नेसचे दोन पांढरे पीव्हीसी पाइप बाहेरच्या भिंतीतून निघतात, एक हवा घेतो आणि एक धूर सोडतो. वाऱ्यानं लोटलेला किंवा आपणच फावड्यानं टाकलेला बर्फ त्यांच्यासमोर साचला की फर्नेस बंद पडते आणि काही तासांत घर गार होतं. कार्बन मोनॉक्साइड घरात शिरायचाही धोका असतो, त्यामुळे हे केवळ पाइपाचं प्रकरण नाही. प्रत्येक मोठ्या हिमवर्षावानंतर तिथला बर्फ हातानं मोकळा करा.

दुसरं: बेसमेंट नुकतंच फिनिश केलेलं, म्हणजे भिंती-छत झाकून राहण्याजोगं केलेलं असतं. आधी फर्नेसची ऊब उघड्या पाइपांना लागत होती. आता मध्ये इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) आणि ड्रायवॉल आली, पाइप थंड बाजूला राहिला. काम करून घेताना कंत्राटदाराला सांगा की पाइप इन्सुलेशनच्या *आतल्या*, खोलीकडच्या बाजूला हवा. झाल्यावर कळलं तर निदान तिथे एक जाळीचं झाकण बसवून घ्या, हवा खेळेल. व्हॉल्व्हसमोर तर झाकण हवंच. एका ओळखीच्यांनी मेन व्हॉल्व्हच ड्रायवॉलमागे बुजवून टाकला होता.

१०. संप पंप म्हणजे काय, आणि माझ्याकडे आहे की नाही कसं ओळखू?

बेसमेंटच्या कोपऱ्यात झाकण असलेला, बादलीपेक्षा मोठा खड्डा दिसला तर आहे. पायाभोवती जमिनीत भोकं असलेला पाइप पुरलेला असतो, त्याला इथे वीपिंग टाइल म्हणतात. त्यात झिरपलेलं पाणी या खड्ड्यात येतं. पातळी वाढली की तरंगता गोळा वर उचलला जातो, पंप चालू होतो आणि पाणी बाहेर फेकतो. आपल्या विहिरीवरच्या मोटारीचं धाकटं भावंड, फक्त हे स्वतःहून जागं होतं.

तपासणी सोपी आहे. खड्ड्यात हळूहळू बादलीभर पाणी ओता. गोळा वर यावा, पंप घुमावा, पाणी जाऊन पंप थांबावा. गोळा कडेला अडकत असेल तर सरळ करा. सगळ्या घरांत संप नसतो. जुन्या घरांत वीपिंग टाइल थेट गटाराला जोडलेली असू शकते.

११. पंप घुमतोय पण पाणी जात नाही.

हिवाळ्यात पहिला संशय बाहेरच्या पाइपावर. त्यात उतार नसेल तर पाणी उभं राहून गोठतं, तोंड बंद होतं, आणि पंप तेच पाणी ढवळत बसून शेवटी जळतो. पाइपाला बाहेर सलग उतार द्या, तोंड जमिनीपासून उंच आणि बर्फापासून मोकळं ठेवा. उन्हाळ्यात लावलेला लांबलचक लवचीक पाइप थंडीआधी काढा, त्याच्या वळ्यांत पाणी हमखास साचतं. घराबाहेर पडल्या पडल्या बसवायचा झरोक्यांचा तुकडा मिळतो. पुढे गोठलं तरी पाणी त्या झरोक्यांतून बाहेर पडतं. ते भिंतीजवळच पडतं, पण पंप वाचतो आणि तुम्हाला वेळ मिळतो.

पाणी फूटपाथवर किंवा शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवर सोडू नका. सकाळपर्यंत तिथे काच तयार होते.

१२. वीज गेली तर?

संप थांबतो, आणि गॅसची असली तरी फर्नेसही थांबते, कारण तिचा पंखा विजेवर चालतो. डिसेंबर २०१३ च्या आइस स्टॉर्ममध्ये (पडताक्षणी गोठणाऱ्या पावसाच्या वादळात) टोरोंटोत सुमारे ३ लाख ग्राहकांची वीज गेली होती, ऐन नाताळात, काहींची कित्येक दिवस. घरात इन्व्हर्टर ठेवायची आपली सवय इथे आल्यावर सुटते, ती संपपुरती परत लावा. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप त्याच खड्ड्यात बसतो. बॅटरीची तपासणी ऑक्टोबरच्या यादीत घ्या. जनरेटर आणलात तर तो घरात, बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनही, चालवायचा नाही. त्याच्या धुरानं माणसं मरतात.

घर गार होत चाललं आणि वीज लवकर येईलसं दिसत नसेल तर प्रश्न ८ सारखं पाणी बंद करून पाइप रिकामे करा.

१३. बर्फ नेमका कुठे टाकायचा? आणि पन्हळींचं काय?

घराच्या भिंतीपासून निदान दोन-अडीच मीटर लांब. ड्राइव्हवे साफ करताना सगळा ढीग भिंतीच्या आडोशाला रचायची सवय बहुतेकांना असते, वितळल्यावर तो ढीग बेसमेंटच्या भिंतीवर बसतो. पन्हळीतली मेपलची पानं शेवटची गळून झाली की काढा, आणि पन्हळीच्या उभ्या पाइपाचं तोंड जोडनळीनं भिंतीपासून २ मीटर लांब न्या. बेसमेंटच्या खिडकीभोवतीच्या अर्धगोल खड्ड्यांवर पारदर्शक झाकणं बसवा. खड्ड्यात बर्फ भरून राहिला आणि पाऊस पडला की ती खिडकी मत्स्यालयासारखी दिसते.

१४. वळचणीला मोठमोठे बर्फाचे सुळे लटकलेत. छान दिसतात, पण ओळखीचे म्हणतात ते वाईट.

पागोळ्या गोठून सुळे झाले, एवढंच असेल तर ठीक. पण छतावर जाड बर्फ आणि वळचणीला बर्फाचा कठडा असेल तर माळ्यातून ऊब निसटतेय. वरचा बर्फ त्या उबेनं वितळतो, थंड वळचणीवर येऊन पुन्हा गोठतो, बांध तयार होतो, मागे साचलेलं पाणी शिंगल्सखाली (छतावरच्या पातळ चकत्यांखाली) शिरतं. ते भिंतीच्या पोकळीतून उतरत कधी कधी बेसमेंटमध्ये दिसतं, आणि लोक पाया खणायला निघतात. तात्पुरता उपाय म्हणजे जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या फावड्यानं छताच्या कडेचा बर्फ ओढणं. वर चढू नका, कुऱ्हाड-हातोडा चालवू नका. खरा उपाय माळ्यात: फटी बुजवणं, इन्सुलेशन वाढवणं, हवा खेळती ठेवणं.

१५. बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवला, तरी बेसमेंटच्या मोरीतून घाण पाणी आलं. फसवलं का?

बहुधा नाही. घरातून गटाराकडे जाणाऱ्या पाइपात हे एक झडपेचं दार असतं. गटार तुंबून पाणी उलटं आलं की झडप मिटते. पण मिटलेल्या झडपेतून तुमचंही पाणी बाहेर जात नाही! वर कुणी अंघोळ केली, वॉशिंग मशीन लावलं, टॉयलेट फ्लश केलं, की ते सगळं सर्वांत खालच्या जाळीतून वर येतं. म्हणून मुसळधार पाऊस किंवा मोठं वितळण चालू असताना घरात पाणी वापरायचं नाही. घरी पाहुणे असले तर आधीच सांगा, नंतर अवघड जातं.

झडपेवर जमिनीत एक झाकण असतं. वर्षातून एकदा उघडून तिथला चिखल, ग्रीस, वाइप्स साफ करा. कागद अडकून झडप अर्धी उघडी राहिली तर ती असून नसल्यासारखी. व्हॉल्व्ह आणि संप बसवायला टोरोंटोसह काही शहरं अनुदान देतात. रक्कम आणि अटी बदलत असतात, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी शहराच्या वेबसाइटवर वाचा.

१६. फ्लोअर ड्रेनमधून गटाराचा वास येतो. पाणी तुंबलंय का?

बहुधा उलट, पाणी आटलंय. जाळीखालच्या वळणात थोडं पाणी असतं, तेच वास अडवतं. हीटिंगच्या कोरड्या हवेत ते सुकतं. तांब्याभर पाणी ओता. वास गेला नाही तर प्लंबर.

१७. भिंत ओली लागते. ही गळती की दव?

ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा कोरड्या केलेल्या भिंतीवर चारी बाजूंनी टेपनं चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर घरातली दमट हवा थंड भिंतीवर बसतेय. भिंतीकडच्या बाजूला ओल आली तर पाणी बाहेरून झिरपतंय. पहिल्यासाठी एक्झॉस्ट पंखा लावा आणि बेसमेंटमध्ये कपडे वाळत घालणं बंद करा. भारतीय घरांत सतत काहीतरी उकळत असतं, तेही धरा. दुसऱ्यासाठी आधी प्रश्न १३ मधलं सगळं करून बघा, ते जवळपास फुकट आहे. मग भेगेत इंजेक्शन, आणि अगदी शेवटी पाया खणून बाहेरून लेप. पहिल्याच भेटीत खणायचं अंदाजपत्रक हातात देणाऱ्याला चहा देऊन पाठवा आणि दुसऱ्याला बोलवा.

काँक्रीटवर मिठासारखी पांढरी पावडर दिसली तर घाबरू नका, आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तेच. तिथून कधीतरी पाणी गेलंय एवढं ती सांगते.

१८. पाणी आलंय. आत्ता काय करू?

पायरीवरच थांबा. पाणी प्लगपर्यंत, एखाद्या उपकरणापर्यंत किंवा पॅनलपर्यंत पोचलं असेल तर त्यात पाय घालू नका. वीज कंपनीला फोन करून बाहेरून वीज तोडायला सांगा. गॅसचा वास आला तर घराबाहेर पडून मग फोन.

जाणं सुरक्षित असेल आणि पाणी स्वच्छ असेल तर मेन व्हॉल्व्ह बंद. गटाराचं असेल तर मुलांना लांब ठेवा, बूट आणि हातमोजे घाला. काही फेकण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा: पाण्याची भिंतीवरची रेघ, मशीनचे नंबर, गालिचा. मग विमा कंपनीला फोन.

बुरशी २४ ते ४८ तासांत धरू लागते, त्यामुळे “शनिवारी बघू” चालत नाही. गालिच्याखालचा फोम वाळत नाही, टाकून द्या. ड्रायवॉल वातीसारखी पाणी वर ओढते, म्हणून ती रेघेच्या बरीच वरपर्यंत कापावी लागते. पंखे आणि डीह्युमिडिफायर भाड्यानं मिळतात.

अपवाद एक, पण लक्षात ठेवण्यासारखा. बेसमेंट बरंच भरलं असेल आणि बाहेरची जमीनही पाण्यानं भरलेली असेल तर सगळं पाणी एकदम उपसू नका. आतलं पाणी भिंतींना टेकू देत असतं. ते काढलं की बाहेरच्या दाबानं भिंत आत येऊ शकते. दिवसाला साधारण एक तृतीयांश, असं काढतात.

१९. विमा आहे. मग पैसे मिळतील ना?

पाणी कुठल्या वाटेनं आलं यावर ते ठरतं, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक चकतात. अचानक फुटलेला पाइप साधारणपणे मूळ पॉलिसीत येतो (प्रश्न ८ ची अट पाळली असेल तर). महिनोन्‌महिने चाललेली बारीक गळती येत नाही. गटार उलटणं हे कॅनडात बहुधा जास्तीचे पैसे भरून घ्यायचं कलम आहे. जमिनीवरून वाहत आलेलं पाणी आणखी वेगळं कलम. भिंतीतून झिरपलेल्या पाण्याला बहुतेक कंपन्या हात लावत नाहीत. आमच्या ड्रायवॉलच्या वेळी कंपनीच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला होता, “होज काढला होता का?”

अमेरिकेत नेहमीच्या घरविम्यात पूर येत नाही. त्यासाठी केंद्र सरकारचा पूरविमा किंवा खासगी पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. सरकारी विमा साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी बघून घेण्यात अर्थ नाही. शिवाय बेसमेंटमधली फर्नेस, पाण्याची टाकी अशा गोष्टी त्यात धरतात, पण तिथलं फर्निचर, गालिचा, फिनिश केलेल्या भिंती नाही. न्यू जर्सीतल्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

२०. मी विद्यार्थी आहे, बेसमेंटमध्ये भाड्यानं राहतो. पाणी आलं तर माझं सामान घरमालक भरून देईल?

त्याचा विमा त्याच्या भिंतींचा. तुझा लॅपटॉप, गादी, कपडे त्यात नाहीत. भाडेकरूचा विमा वेगळा घे, आणि घेताना गटार उलटण्याचं कलम आहे का ते विचार. गळती दिसली की घरमालकाला लगेच मेसेज कर, फोटोसकट. फोनवर सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. हीटिंग कमी ठेवून पैसे वाचवणाऱ्या घरमालकासाठी: ऑन्टॅरिओत हीटिंग घरमालकाकडे असेल तर १ सप्टेंबर ते १५ जून खोलीत किमान २० अंश तापमान ठेवणं त्याला कायद्यानं बंधनकारक आहे.

मूळ मार्कशीट, डिग्री, पासपोर्ट पलंगाखालच्या बॅगेत ठेवू नकोस. विद्यापीठातून दुसरी प्रत काढायला किती खेटे पडतात ते आईला विचार.

२१. बेसमेंटमध्ये काय ठेवू नये?

जमिनीवर टेकून, काहीच. पुठ्ठ्याची खोकी तर मुळीच नाहीत, ती खालून पाणी पितात आणि वरून कोरडी दिसतात. झाकणाचे प्लास्टिकचे डबे, तेही फळीवर, जमिनीपासून वीतभर उंच. तांदळाची पोती, फोटोंचे अल्बम, हार्मोनियम वरच्या मजल्यावर. गणपतीचं मखर गॅरेजमध्ये टांगा. आमचं अजून बेसमेंटमध्येच आहे, पण छताला.